वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांना एवढी नावे का, आणि ती कशी समजून घ्यावीत?

प्रश्न निपाणीजवळच्या एका गावातून आला आहे. विचारणाऱ्या ताईंच्या आईंचे वय ५२ वर्षे, उंची १५४ सेंटिमीटर आणि वजन ९८ किलो आहे. मधुमेह नऊ वर्षांपासून असून दोन वर्षांपासून इन्सुलिन चालू आहे, रात्री छातीत जळजळ होते, गुडघे दुखतात आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावण्याची सवय आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी ‘स्लीव्ह’ सुचवली, कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ‘मिनी बायपास’ सांगितला, पुण्यातील मावसबहिणीचे ‘रू-एन-वाय’ झालेले आहे, आणि एका जाहिरातीत ‘बिनटाक्याचा बलून’ वाचनात आला. ताई विचारतात की एकाच कामासाठी एवढी नावे कशाला, आणि ‘मिनी’ म्हणजे छोटे ऑपरेशन असेल तर तेच करून घेणे बरे नाही का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर घरात निर्णय होऊ घातला असावा. मिनी बायपास हे छोटे ऑपरेशन नाही. त्यात आतड्याचा जोड एक असतो, नेहमीच्या बायपासमध्ये दोन असतात, आणि ‘मिनी’ या विशेषणाला तेवढाच आधार आहे. भूल तीच, पोटावरची छिद्रे जवळपास तेवढीच, आणि अन्नाच्या वाटेतून वगळलेले आतडे तर बहुधा नेहमीच्या बायपासपेक्षा जास्तच असते. त्यामुळे पुढची पथ्ये, गोळ्या आणि रक्ततपासण्या यांत ‘मिनी’ असे काही नसते.

आता नावांकडे वळतो. मी रुग्णांना सांगतो की नाव कितीही अवघड असले तरी त्याला दोनच प्रश्न विचारावेत: जठराचे काय केले, आणि आतड्याचे काय केले? आपण गिळलेले अन्न अन्ननलिकेतून जठरात येते, तिथे ते घुसळले जाते आणि पुढे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये उतरते. यकृतातून येणारे पित्त आणि स्वादुपिंडाचा पाचकरस त्याला तिथेच मिळतात, आणि नंतरच्या काही मीटर लांबीच्या आतड्यात पोषकद्रव्ये शोषली जातात. वजन कमी करण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत या वाटेवर एक किंवा दोन ठिकाणी बदल केलेला असतो. जठर लहान केले की माणूस थोडक्यात तृप्त होतो, आतड्याची वाट बदलली की शोषण घटते, आणि दोन्हींमुळे भूक व साखर यांच्याशी संबंधित संप्रेरकेही बदलतात. या तिसऱ्या परिणामामुळेच वजन फारसे उतरण्याआधी, पहिल्या काही दिवसांतच, साखर खाली येऊ लागल्याचे पुष्कळ रुग्णांमध्ये दिसते, आणि म्हणूनच हल्ली या शाखेला ‘मेटाबोलिक सर्जरी’ असेही म्हणतात.

जी मुळात शस्त्रक्रियेची नावेच नाहीत ती आधी बाजूला काढू. ‘दुर्बिणीतून’ आणि ‘रोबोटिक’ या शब्दांवरून ऑपरेशन कशाने केले एवढेच समजते, आत काय केले ते समजत नाही. स्लीव्ह दुर्बिणीतूनही होते आणि रोबोटनेही होते. ‘बॅरिॲट्रिक’ हे सगळ्या कुटुंबाचे आडनाव आहे. ‘लेझर’ हा शब्द मात्र या संदर्भात कोणी वापरला तर सावध व्हावे, कारण जठर किंवा आतड्यावरच्या या शस्त्रक्रियांमध्ये त्याला काही स्थान नाही. लायपोसक्शन आणि टमी टक या त्वचेखालची चरबी व सैल झालेली कातडी काढण्याच्या प्लास्टिक सर्जरीच्या शस्त्रक्रिया आहेत. त्यांनी भूक बदलत नाही आणि मधुमेहही सुधारत नाही. ‘चरबी काढायचे ऑपरेशन’ म्हणून विचारणा करत येणारे निम्मे लोक या दोन गोष्टींची गल्लत करून आलेले असतात.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत बदल फक्त जठरात होतो. जठराच्या बाहेरच्या बाजूचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून शरीराबाहेर काढला जातो आणि आत केळ्याच्या आकाराची, १०० ते १५० मिलिलिटर मावेल अशी नळी उरते. ही नळी किती रुंद ठेवायची हे ठरवण्यासाठी तोंडातून एक माप-नळी घातलेली असते. कागदावर ‘३६ फ्रेंच’ असे काही लिहिलेले दिसले तर ते तिचे माप असून ती सुमारे १२ मिलिमीटर जाडीची असते. जठराच्या ज्या वरच्या फुगीर भागातून भुकेचे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते तोच भाग काढला जात असल्याने सुरुवातीच्या काळात भूक स्पष्टपणे मंदावते. आतड्याला हात लावलेला नसतो, म्हणून शोषणाच्या तक्रारी तुलनेने कमी असतात. पण काढलेले जठर परत मिळत नाही. ही शस्त्रक्रिया मुळात स्वतंत्र नव्हती. अतिशय वजनदार रुग्णांवर मोठी शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करावी, या विचाराने २००० सालाच्या सुमारास तिचा पहिला टप्पा म्हणून स्लीव्ह केली जाऊ लागली आणि पुष्कळांचे वजन पहिल्या टप्प्यातच पुरेसे उतरल्याने ती स्वतंत्र शस्त्रक्रिया ठरली. आज भारतात तीच सर्वाधिक प्रमाणात होते.

स्लीव्हची दुखरी बाजू छातीतील जळजळीची आहे. जठर अरुंद नळीसारखे झाल्याने आतला दाब वाढतो आणि आम्ल वर येते. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना करून रुग्णांना दहा वर्षे पाहण्यात आले तेव्हा एंडोस्कोपीत अन्ननलिकेचा दाह स्लीव्हच्या गटात ३१ टक्के आणि बायपासच्या गटात ७ टक्के आढळला. आईंना रात्री जळजळ होते हे आपण ओघात लिहिले आहे, पण माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

‘रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास’ या नावातील ‘रू’ हे स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शल्यचिकित्सक सेझार रू यांचे आडनाव आहे, आणि ‘वाय’ हा जोडानंतर आतड्याला येणारा इंग्रजी अक्षराचा आकार आहे. वजनासाठी जठराचा बायपास १९६६ साली अमेरिकेत आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी सुरू केला. रू यांच्या पद्धतीचा जोड त्यात नंतर आला. यात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी वेगळी केली जाते. लहान आतडे एका ठिकाणी कापून त्याचे खालचे टोक वर आणून या पिशवीला जोडतात. हा अन्नाचा फाटा, आणि त्याची लांबी बहुधा ७५ ते १५० सेंटिमीटर असते. पित्त व पाचकरस घेऊन येणारे दुसरे टोक खाली या फाट्याला जोडले जाते, आणि तिथून पुढे सामाईक वाट सुरू होते. उरलेले मोठे जठर काढून टाकलेले नसते, ते आतच असते. फक्त अन्न त्यातून जात नाही. म्हणून ही शस्त्रक्रिया तत्त्वतः उलटवता येते, जरी तशी वेळ क्वचितच येते. अन्नाच्या पिशवीपर्यंत पित्त पोहोचत नाही आणि पिशवीत आम्लही थोडेच तयार होते, त्यामुळे जळजळ असणाऱ्यांना ही शस्त्रक्रिया सहसा मानवते.

आमच्या भागात ‘बायपास’ म्हटले की लोकांना हृदयाचेच ऑपरेशन आठवते. गावाकडे रुग्णाला भेटायला आलेले पाहुणे हार्टची चौकशी करून जातात आणि घरचेही कंटाळून त्यांना दुरुस्त करत नाहीत. एरवी यात हसण्यापलीकडे काही नाही. परंतु पुढे कधी तातडीच्या प्रसंगी घरातील वडीलधाऱ्यांनी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना ‘बायपास झालेला आहे’ एवढेच सांगितले, तर तपासणीची दिशा चुकू शकते. म्हणून ‘पोटाचा बायपास’ असे पूर्ण सांगण्याची सवय घरातील सर्वांना लावावी.

मिनी बायपासची पद्धत अमेरिकेत रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ साली सुरू केली, आणि थोड्या फरकाने तिचेच एक रूप स्पेनमध्ये पुढे आले. तिला ‘वन अनॅस्टोमोसिस गॅस्ट्रिक बायपास’ असेही म्हणतात. फाइलवर ‘एमजीबी’ किंवा ‘ओएजीबी’ दिसले तर दोन्ही एकाच कुळातील आहेत, त्यामुळे दोन दवाखान्यांनी दोन वेगळी ऑपरेशने सांगितली असा समज करून घेऊ नये. यात जठराची पिशवी लहान व गोल न ठेवता लांब व अरुंद ठेवतात, आणि आतडे न कापता त्याचा वेटोळा तसाच वर आणून पिशवीला एकाच जागी जोडतात. हा जोड आतड्याच्या सुरुवातीपासून साधारण १५० ते २०० सेंटिमीटरवर असतो. म्हणजे तेवढ्या आतड्यातून अन्न जातच नाही. एक जोड कमी असल्याने वेळ कमी लागतो आणि तांत्रिकदृष्ट्या काही गोष्टी सोप्या होतात, वजन चांगले उतरते, मधुमेहावरही परिणाम ठळक असतो. याउलट, पित्त त्या जोडाजवळूनच जात असल्याने ते पिशवीत आणि कधी अन्ननलिकेत चढू शकते. फ्रान्समध्ये ‘यॉमेगा’ नावाचा एक अभ्यास झाला आणि २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २०० सेंटिमीटर आतडे वगळलेला मिनी बायपास आणि रू-एन-वाय यांची तुलना होती. दोन वर्षांनी वजनातील घट मिनी बायपासमध्ये उणी ठरली नाही, पण कुपोषणाशी संबंधित गंभीर गुंतागुंती त्याच गटात आढळल्या, रू-एन-वायच्या गटात त्या नव्हत्या. यावरून ही शस्त्रक्रिया वाईट ठरत नाही. मी स्वतः ती योग्य रुग्णाला सुचवतो. मात्र शाकाहारी, हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्या आणि दूरच्या खेड्यातून वारंवार तपासणीला येऊ न शकणाऱ्या स्त्रीला किती सेंटिमीटर आतडे वगळले जाणार, हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या नावापेक्षा मोठा ठरतो. लहान आतड्याची एकूण लांबीही प्रत्येकाची सारखी नसते. कोणाची चार मीटर भरते, कोणाची आठ. ज्याचे आतडे मुळात आखूड आहे त्याचे २०० सेंटिमीटर वगळणे फार होते, म्हणून शिल्लक किती राहणार हे मोजणार का, असे सर्जनना जरूर विचारावे.

बाकीच्या नावांची ओळख थोडक्यात पुरे. गॅस्ट्रिक बँड म्हणजे जठराच्या वरच्या भागाभोवती बसवलेला सिलिकॉनचा पट्टा, जो कातडीखालच्या बटणातून सलाइन घालून आवळता येतो; पट्टा सरकणे, रुतणे आणि वजन परत वाढणे यांमुळे तो आता जवळपास मागे पडला आहे, पण पूर्वी परदेशात किंवा मोठ्या शहरात बसवलेला पट्टा घेऊन गावी परतलेले लोक अजून भेटतात. ‘पोटाला स्टेपल मारणे’ म्हणून जी जुनी पद्धत ऐकिवात येते ती १९८० च्या दशकातील असून आता सहसा होत नाही. ‘ड्युओडेनल स्विच’ आणि तिचे एका जोडाचे रूप ‘साडी-एस’ यांत आधी स्लीव्ह करून मग ड्युओडेनमच्या पुढून आतड्याचा मोठा भाग वगळतात. या नावातील साडीचा नेसण्याच्या साडीशी संबंध नाही, ती चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत. या दोन्हींचा परिणाम सर्वांत जोरदार आणि जीवनसत्त्वांची कमतरताही सर्वांत जास्त, म्हणून त्या थोड्याच रुग्णांसाठी योग्य ठरतात. नावामागे ‘बँडेड’ लागले तर पिशवीभोवती कडे घातले आहे, आणि ‘रिव्हिजन’ किंवा ‘कन्व्हर्जन’ लागले तर आधीच्या शस्त्रक्रियेवर पुन्हा काम केले आहे, असे समजावे.

जाहिरातीतील बलून ही शस्त्रक्रिया नाही. रबरी फुगा तोंडावाटे जठरात सोडून साधारण अर्धा लिटर सलाइनने फुगवतात आणि प्रकाराप्रमाणे चार ते सहा महिन्यांनी, काही प्रकारांत वर्षानंतर, तो काढला जातो किंवा आपोआप निघून जातो. तोवर खाणे कमी होते; त्यानंतर सवयी बदललेल्या नसतील तर वजन परतते. बिनटाक्याचा हा दावा खरा आहे, पण ४१ बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) आणि इन्सुलिनवरचा मधुमेह यांना बलून पुरा पडत नाही. ‘एंडोस्कोपिक स्लीव्ह’ हे नावही फसवे वाटू शकते. त्यात जठर कापत नाहीत, आतून टाके घालून चुणतात, त्यामुळे तिची गणना खऱ्या स्लीव्हमध्ये करू नये.

नावाची एवढी चिकित्सा करण्याचे कारण पुढच्या आयुष्यात आहे. सीमाभागातील रुग्ण ऑपरेशन कोल्हापूर, मिरज, हुबळी किंवा पुण्यात करतो आणि तीन वर्षांनी पोट दुखले की गावातल्या किंवा तालुक्याच्या दवाखान्यात जातो. बायपास झालेल्या माणसाच्या पोटात अचानक कळा सुरू झाल्या तर आतडे आतल्या फटीत अडकल्याची शंका घेऊन तातडीने सीटी स्कॅन करावे लागते. साधी ॲसिडिटी समजून इंजेक्शन देऊन घरी पाठवणे धोक्याचे ठरते. त्याच्या पित्तनलिकेत खडा अडकला तर नेहमीच्या एंडोस्कोपीने तिथे पोहोचता येत नाही. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी त्याच्या जोडावर व्रण होऊ शकतो, आणि तंबाखूनेही होतो. निपाणीचा मुलूख तंबाखूचा असल्याने मिश्रीला तिथे कोणी व्यसन मानत नाही, पण मिश्री हा तंबाखूच आहे, आणि बायपासचा विचार असेल तर ती आधीच पूर्ण सुटलेली असावी. जोडाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी गोड पदार्थही जपून खावेत. कुंद्याच्या दोन घासांनंतर घाम, धडधड आणि जुलाब झाल्याचे सांगणारे रुग्ण आम्हाला नवीन नाहीत. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कोणत्याही बायपासनंतर आयुष्यभर घ्यावे लागते, आणि स्लीव्हनंतरही ते सोडू नये.

कागदोपत्रीही नाव महत्त्वाचे आहे. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च बीएमआय ४० किंवा अधिक असल्यास, अथवा ३५ किंवा अधिक असून मधुमेहासारखा गंभीर आजार आटोक्यात येत नसल्यास विचारात घेतला जातो. पॉलिसीतील प्रतीक्षाकाळ वेगळा असतो, तो तपासावा. आईंचा बीएमआय ४१ च्या वर आहे. मंजुरी एका नावाने घेतली आणि प्रत्यक्षात दुसरे ऑपरेशन झाले तर दावा अडकू शकतो, आणि असे होण्याला कधी प्रामाणिक कारणही असते: आत गेल्यावर यकृत फार मोठे आढळते, जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली असतात, आणि बायपास सोडून स्लीव्हवर थांबणे सुरक्षित ठरते. म्हणून संमतिपत्रावर पहिला पर्याय आणि अडचण आल्यास करायचा दुसरा पर्याय, दोन्ही लिहिलेले असावेत. आपल्याकडे हे पत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असते. मराठीतून समजावून सांगितल्याशिवाय सही करू नये, आणि तसे सांगण्याची विनंती करण्यात संकोचही बाळगू नये.

आईंच्या बाबतीत मी पत्रावरून निर्णय देणार नाही, पण कल कुठे आहे ते सांगतो. आधी एंडोस्कोपी व्हावी. अन्ननलिकेत दाह किंवा मोठा हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला, दिसला तर स्लीव्ह मागे पडते आणि रू-एन-वाय पुढे येते. अन्ननलिका स्वच्छ असेल तर तिन्ही पर्याय खुले राहतात, आणि जुन्या मधुमेहामुळे कल बायपासकडेच राहतो. इन्सुलिनवर असलेला नऊ वर्षांचा मधुमेह पूर्ण सुटेलच असे मानू नये. औषधे बरीच कमी होणे ही वास्तव अपेक्षा आहे. मिनी बायपासच ठरला तर किती सेंटिमीटर आतडे वगळणार आणि किती उरणार, रू-एन-वाय ठरल्यास दोन्ही फाट्यांची लांबी किती, आणि स्लीव्ह ठरल्यास जळजळ वाढली तर पुढे काय, हे प्रश्न संबंधित सर्जनना विचारावेत. दोन डॉक्टरांनी दोन नावे सांगितली याचा अर्थ एक चूक आहे असा होत नाही. बहुधा एकाने जळजळीचे विचारले असेल आणि दुसऱ्याने नसेल, एवढाच फरक निघतो. शस्त्रक्रियेनंतर डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशन नोट मागून घ्यावी, कारण लांबीचे आकडे डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा नसतात, आणि तिची एक प्रत गावातील आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवावी.